पुण्याच्या पेठांत गाडी घेऊन येताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात रात्री नवाच्या सुमारास आमच्या नारायण पेठेतल्या बोळाच्या तोंडाशी अँब्युलन्स अडली. कोपऱ्यावर एक पांढरी गाडी तिरकी लावलेली. आत कोणी नाही, काचेवर फोन नंबर नाही. शेवटी शेजारच्या आजोबांना चौघांनी स्ट्रेचरवर घालून, वर छत्र्या धरून रस्त्यापर्यंत नेलं. गाडीवाला वीस मिनिटांनी हातात पार्सल घेऊन आला आणि म्हणाला, "पाचच मिनिटं लावली होती हो." आजोबा सुखरूप घरी आले. पण तेव्हापासून गाडीने येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी पुढच्या गोष्टी आधीच फोनवर सांगते.

वळणावर, बोळाच्या तोंडाशी, वाड्याच्या दारासमोर गाडी लावू नका. पाच मिनिटांसाठीही नाही. पेठेतले बोळ इतके अरुंद आहेत की कोपऱ्यावर एक गाडी उभी राहिली की मोठं वाहन वळूच शकत नाही, आणि बोळातून निघणाऱ्या दुचाकीला रस्त्यावरून येणारी बस दिसत नाही. गाडी कुठेही लावा, मोबाइल नंबर ठळक अक्षरात लिहून पुढच्या काचेमागे ठेवा.

बाहेरगावच्या लोकांचा सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पी-१ आणि पी-२ या पाट्यांनी. अनेकांना वाटतं, हे वाहनतळाचे क्रमांक आहेत. तसं नाही. पी-१ च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखेला. रात्री मुक्काम करणार असाल तर मध्यरात्री तारीख बदलते हे लक्षात ठेवा. सकाळी उठेपर्यंत तुमची गाडी चुकीच्या बाजूला आलेली असते. ३१ तारखेनंतर १ तारीख येते, दोन्ही विषम, तेवढ्यापुरती सुटका.

या पद्धतीमुळे आणखी एक धोका येतो, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. एकेरी रस्त्यावर उजव्या कडेला गाडी लावली की चालकाचं दार फुटपाथकडे उघडतं आणि डावीकडे बसलेल्यांची दारं थेट रहदारीत. मागे बसलेली मुलं सवयीने दार ढकलतात आणि मागून दुचाकी येत असते. माझ्या बहिणीच्या मनगटात आज जी धातूची पट्टी आहे, ती अशाच एका दारामुळे. दार नेहमी लांबच्या हाताने उघडा: डाव्या दाराला उजवा हात, उजव्या दाराला डावा. अंग आपोआप वळतं आणि मागचं दिसतं. मुलांना आजच शिकवा.

वळण चुकलं म्हणून उलट दिशेने घुसणं किंवा रिव्हर्स घेत मागे येणं ही दुसरी नेहमीची चूक. फर्ग्युसन रस्ता डेक्कनच्या गुडलक चौकाकडून शिवाजीनगरकडे जातो, जंगली महाराज रस्ता तिकडून डेक्कनला परत येतो. दुकान मागे राहिलं तर पूर्ण फेरी मारा. आणि मोबाइलवरचा नकाशा दुचाकीच्या मार्गावर ठेवलेला नाही ना, ते चारचाकीत बसल्यावर तपासा. नाहीतर तो तुम्हाला अशा बोळात नेईल जिथून आरसे मिटूनच बाहेर पडावं लागतं.

पावसाळ्यात नदीपात्रात गाडी लावून खरेदीला जाऊ नका. शहरात ऊन असलं तरी खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला की पात्रात पाणी चढतं. पाणी सोडण्याच्या सूचना दिल्या जातात, पण तेव्हा आपण दुकानात असतो.

लक्ष्मी रस्त्यावर सणाच्या खरेदीला चारचाकी नकोच. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून थेट जवळच्या मंडईला येते. गाडी बाहेरच्या बाजूच्या स्थानकावर ठेवा; मात्र सगळ्याच स्थानकांना वाहनतळ नाही, निघण्याआधी बघून घ्या.

एवढं करूनही गाडी जागेवर दिसली नाही, तर घाबरून थेट चोरीची तक्रार करायला धावू नका. आधी आजूबाजूच्या दुकानदारांना विचारा, वाहतूक पोलिसांनी गाडी उचलून नेली असेल तर त्यांनी पाहिलेलं असतं. मग वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून नवं चलन पडलंय का बघा, जवळच्या वाहतूक पोलिसाला विचारा. तिथे काहीच पत्ता लागला नाही तर मात्र वेळ न घालवता पोलीस ठाणे गाठा. नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५०० रुपये, नंतर १५००. उचलून नेण्याचा आकार वेगळा. चलन चुकीचं वाटलं तर त्याच अ‍ॅपवर तक्रार करता येते, म्हणून गाडी लावताना पाटीसह एक फोटो काढून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'तुमचं चलन बाकी आहे' म्हणून एखादी एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) आली तर ती उघडू नका. तिच्यातून फोनमधली बँकेची माहिती चोरली जाते. दंड त्या अ‍ॅपवर किंवा सरकारी संकेतस्थळावर जाऊनच भरा.