कमर्शियल किचनसाठी नवीन मशिनरी घेताना काय बघायचं, कुठून सुरुवात करायची

किचन इक्विपमेंटच्या कुठल्याही प्रदर्शनात जा, सध्या इंडक्शन, कॉम्बी ओव्हन (वाफ आणि कोरडी उष्णता दोन्हीवर शिजवणारा), ब्लास्ट चिलर (गरम अन्न झटपट गार करणारं मशीन) आणि मोबाईलवर तापमान दाखवणारे फ्रीज यांचीच चलती आहे, आणि डेमो असा झकास देतात की आपलं चालू किचन भंगारात काढावंसं वाटतं. जरा थांबा. मशीन चांगलंच असतं हो, पण तुमच्या किचनला ते लागतं का ते आधी बघू.

1. काम कुठे तुंबतं ते शोधा

ऐन गर्दीत वही घेऊन एका कोपऱ्यात उभे रहा आणि ऑर्डर नेमकी कुठे अडकते ते लिहा. सगळ्यांना वाटतं शेगड्या कमी पडतात, पण बरेचदा भांडी धुऊन वेळेत परत येत नाहीत किंवा तयारी करून ठेवायला फ्रीजमध्ये जागाच नसते. जिथे अडतं तिथलं मशीन आधी, बाकीची यादी नंतर.

2. वीज आणि पाणी तपासा

ही पायरी लोक हमखास सोडतात आणि मग मशीन येऊन खोक्यातच पडून राहतं. 10 ट्रेच्या इलेक्ट्रिक कॉम्बीलाच साधारण 18-19 किलोवॅट लागतात, तेही थ्री-फेज, म्हणजे मंजूर लोड किती आहे आणि वायरिंगला तो झेपेल का हे इलेक्ट्रिशियनकडून आधी बघून घ्या. पाण्याचा जडपणाही तपासा. वाफ तयार करणाऱ्या मशीनमध्ये क्षाराचा थर बसला की हीटर जातो, सॉफ्टनर किंवा फिल्टरचा खर्च वाचवायला गेलात तर तो रिपेअरमध्ये दामदुपटीने निघतो.

3. शिजवायचं मशीन मेनूवरून ठरवा

इंडक्शनमध्ये 85 टक्क्यांच्या आसपास ऊर्जा थेट भांड्यात जाते, उघड्या गॅसवर हेच प्रमाण 30-40 टक्के, बाकीची उष्णता किचनमध्ये आणि आचाऱ्याच्या अंगावर. फायदा खराच आहे, पण भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. साधं अ‍ॅल्युमिनियम, तांबं चालत नाही, आणि गोल बुडाच्या कढईला खोलगट काचेची वेगळी शेगडी लागते. भांडी बदलायचा खर्च हिशोबात धराच.

कॉम्बी म्हणजे कोरडी उष्णता, वाफ आणि दोन्ही एकत्र, असं तीन प्रकारे शिजवणारा ओव्हन. 1976 मध्ये रॅशनल या जर्मन कंपनीने तो आणला, त्यामुळे "एकदम नवीन टेक्नॉलॉजी" वगैरे ऐकून भुलू नका, नवीन आहे तो टचस्क्रीन, सेव्ह केलेल्या रेसिपी आणि रात्री आपोआप धुऊन घेणं. भाजणं, वाफवणं, परत गरम करणं हे तिन्ही तुमच्याकडे रोज होत असेल तर माझ्या मते सगळ्यात आधी घ्यायचं मशीन हेच. फक्त वाफवायचं असेल तर साधा स्टीमर घ्या, उगाच महागड्या मशीनची एकच बाजू वापरत बसू नका.

4. थंड करणं वेगळं, साठवणं वेगळं

गरम पातेलं सरळ फ्रीजमध्ये ढकललं की आतलं बाकीचं सामानही तापतं, आणि 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये जंतू भराभर वाढतात. ब्लास्ट चिलर शिजलेलं अन्न साधारण 90 मिनिटांत 70 वरून 3 अंशांवर आणतो. आगाऊ शिजवून ठेवत असाल तर घ्या, रोजचं रोज संपत असेल तर गरज नाही.

नवीन फ्रीज घेताना आतला गॅस कुठला ते विचारा. जुन्या R404A गॅसचा पृथ्वीच्या तापमानवाढीवरचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 3900 पट, तर R290 म्हणजे प्रोपेनचा अगदी नगण्य. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात फ्रीजमध्ये भरायच्या प्रोपेनची मर्यादा 150 ग्रॅमवरून सुमारे 500 ग्रॅम झाली, त्यामुळे आता मोठ्या फ्रीजमध्येही तो चालतो. फक्त पेट घेणारा गॅस आहे, दुरुस्तीला त्याचं ट्रेनिंग घेतलेलाच माणूस हवा.

5. न दिसणारी बचत

ग्राहकाला दाखवण्यासारखं यात काही नाही, म्हणून याकडे कुणी बघत नाही. एक्झॉस्टचा पंखा दिवसभर फुल स्पीडला कशाला हवा? धूर आणि उष्णता बघून वेग बदलणारी सिस्टीम मिळते, आणि पंख्याचा वेग 20 टक्के कमी केला तर वीज जवळपास निम्मी लागते. डिशवॉशरमध्ये वाया जाणाऱ्या वाफेवर आत येणारं गार पाणी तापवणारं मॉडेल मिळालं तर उत्तम.

6. ऑर्डर देण्याआधी

डेमो तुमच्याच पदार्थाचा, तुमच्याच आचाऱ्याच्या हातून करून घ्या. सर्व्हिसवाला किती तासांत येतो आणि पार्ट कुठून येतात ते लेखी घ्या. मोबाईल अ‍ॅपला दरवर्षी वेगळे पैसे लागतात का तेही विचारा, कारण ते आपणहून कुणी सांगत नाही. आणि किचनचा दरवाजा मोजा, जिन्याचं वळणसुद्धा.