आडव्या झालेल्या आंब्यावरची अळंबी

३ जून २०२०ला निसर्ग वादळात आमच्या श्रीवर्धनच्या वाडीतला रायवळ आंबा आडवा झाला. फांद्या चुलीत गेल्या. बुंधा उचलायला माणसं मिळेनात, म्हणून तो विहिरीजवळ तसाच राहिला. दर पावसाळ्यात त्याच्यावर काय उगवतं ते बघता बघता मी अळंबी ओळखायला शिकले.

पहिलं काम, खालची बाजू बघा. वरचा रंग पावसानं, उन्हानं आठवड्यात बदलतो. मी यांचा दाढीचा आरसा अळंबीखाली सरकवते, म्हणजे तोडावी लागत नाही. खाली पातळ पडदे आहेत, टाचणीनं टोचल्यासारखी भोकं आहेत, की नुसतं गुळगुळीत आहे, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

पडद्यांची सगळ्यात सहज सापडणारी म्हणजे शायझोफायलम. नखाएवढे पांढुरके पंखे, वर लव, देठ जवळजवळ नाहीच. भिंगातून बघा, प्रत्येक पडदा मधोमध उभा चिरलेला दिसेल. ऊन तापलं की चिरेच्या कडा बाहेर वळून गुंडाळतात. त्यावर पाणी शिंपडून थोडा वेळ थांबा, परत उलगडतात. नातवंडांना दाखवायला याहून चांगला खेळ नाही.

भोकांच्या दोन सांगते. पिक्नोपोरस वरून-खालून शेंदरी, उन्हातल्या वाळक्या लाकडावर. गॅनोडर्मा लाकडासारखी कडक, वरून बहुतेक वेळा पॉलिश केल्यासारखी तांबूस. खालच्या पांढऱ्या भागावर नखानं ओढलं की तपकिरी रेघ उठते. आजूबाजूच्या पानांवर कोकोसारखी पूड पडलेली असते, ती तिचीच बीजं. ही जिवंत माडाच्या बुंध्याशी दिसली तर मात्र काळजी करा, माड आतून कुजतोय.

कानाच्या पाळीसारखी, रबरासारखी लवचीक असते ती ऑरिक्युलारिया. वाळवून ‘ब्लॅक फंगस’ म्हणून विकतात तीच. २०२१मध्ये त्या नावानं लोक घाबरले, तो रोग वेगळा आणि बुरशीही वेगळी. कोळशाचा गोळा चिकटल्यासारखं दिसलं तर कापून बघा. आत एकाआड एक फिकट-गडद वलयं असली तर डाल्डिनिया.

पडद्यांच्या अळंबीत गोंधळ होतो तेव्हा बीजांचा ठसा घ्या. टोपी देठापासून कापून पडद्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला, सकाळी बघा. मी पहिल्यांदा वहीचा पांढरा कागद घेतला आणि काहीच उमटलं नाही म्हणून फेकून दिला. बीजंच पांढरी होती! आता अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा घेते.

लाकडाचीही नोंद ठेवा: कोणतं झाड, जिवंत की मेलेलं. फणसांबा नावाची अळंबी फणसाच्या खोडावर शोधतात, ते काही उगाच नाही. लाकूड पांढरं, तंतूतंतू होऊन सुटत असेल तर बुरशी त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्यही खातेय. तपकिरी होऊन चौकोनी तुकडे पडत असतील तर लिग्निन बहुतेक तसंच मागे उरतंय.

आता सगळ्यांचा प्रश्न: खायची का? सासूबाई वारुळावरची हौसेनं रांधायच्या, पण लाकडावरचीला हात लावू द्यायच्या नाहीत. मीही या ओळखीच्या जोरावर एकही खाल्लेली नाही. ‘लाकडावरची विषारी नसते’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. थंड प्रदेशात कुजक्या लाकडावर गॅलेरिना नावाची बारकी तपकिरी अळंबी येते, तिचं विष यकृत निकामी करतं. शिजवून ते जात नाही, चांदीचा चमचा काळा पडतो का बघूनही कळत नाही. त्रास बहुधा सहा तासांनंतरच सुरू होतो, मग मधे बरं वाटल्यासारखं होतं, तेव्हा फसू नका. कुणी खाल्लीच असेल तर त्रासाची वाट न बघता दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी, अगदी ओकारीतला तुकडासुद्धा, कागदात गुंडाळून सोबत न्या.