माजी सैनिकांच्या रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्ट म्हणून रुजू होताना

पहिल्याच महिन्यात एक वाक्य तुमच्या कानावर शंभरदा पडेल : ‘मी ठीक आहे, डॉक्टर.’ हाताची पकड गेलेली असते, रात्री तीन तासांच्या वर झोप नसते, आणि माणूस मात्र ठीक असतो. आपण रडगाणं गायलं की आपलं काम शेजारच्याच्या अंगावर पडतं, हे त्याच्या हाडीमासी मुरलेलं आहे. सतरा वर्षं मी अशा रुग्णालयात ओपीडी चालवते. नव्या डॉक्टरांना जे तोंडी सांगते, ते इथे लिहून काढतेय.

आधी खोली नीट लावा. रुग्णाच्या खुर्चीची पाठ दाराकडे नको. तपासताना मागून जायचं असेल तर आधी सांगा. रिफ्लेक्सचा हातोडा दाखवून मगच वापरा. एवढ्याने निम्मं काम सोपं होतं.

मग ‘काय त्रास होतोय?’ असं विचारू नका, उत्तर तुम्हाला माहीत आहे. ‘सैन्यात नेमकं काम काय करायचात?’ असं विचारा. हुद्दा फाइलीत असतोच, तो बाजूला ठेवा. तोफेवर होता, सुरुंग काढायचा, की स्फोटकं लावून दारं कशी उडवायची ते नव्या पोरांना शिकवायचा? शिकवणाऱ्याने आयुष्यात शेकडो लहान धमाके जवळून सोसलेले असतात आणि त्यातल्या एकाचीही कुठे नोंद नसते, कारण त्या दिवशी कुणी जखमी झालेलं नसतं. पाठीवर जड पिशवी घेऊन मैलोन्‌मैल चाललेल्या माणसाचा शर्ट काढायला सांगा आणि दोन्ही हातांनी भिंत ढकलायला लावा. खांद्याचं पातं पंखासारखं बाहेर आलं, तर पट्ट्यांनी नस दाबली गेली असावी. वर्षानुवर्षं ‘खांदा दुखतो’ म्हणून मलम चोळत बसलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत.

स्फोटाची हकीकत घेताना ‘बेशुद्ध पडला होतात का?’ हा प्रश्न कुचकामी. बेशुद्ध माणसाला आपण बेशुद्ध होतो हे कसं कळणार? त्यापेक्षा विचारा : स्फोटाआधीचं शेवटचं काय आठवतं, नंतरचं पहिलं काय आठवतं? मधली फट म्हणजेच तुमचं उत्तर. शुद्ध अर्ध्या तासाच्या आत आली, स्मृतीतली फट २४ तासांहून कमी आणि ग्लासगो स्केल (शुद्धीचं मोजमाप, जास्तीत जास्त १५) १३ ते १५ असेल, तर ती मेंदूची सौम्य दुखापत. ‘सौम्य’ हा शब्द मात्र रुग्णासमोर जपून वापरा. ज्याला दहा वर्षं डोकेदुखी आहे त्याला तो अपमान वाटतो. पुढे विचारा : उघड्यावर होता की गाडीत, खोलीत? भिंतींवरून दाबाची लाट परत येते, म्हणून बंद जागेतला मार जास्त. कानातून रक्त आलं का? शेजारी कोण होतं, ते वाचलं का? हा शेवटचा प्रश्न त्याच सुरात विचारा आणि मग गप्प बसा. घड्याळाकडे बघू नका.

एमआरआय लिहिण्याआधी शरीरात छर्रे राहिलेत का ते पाहा, त्याच्या चुंबकाने धातू हलू शकतो. ‘सगळे काढले’ यावर विश्वास न ठेवता एक्स-रे काढा, डोळ्यांचा तर नक्कीच. आणि सीटी स्वच्छ आला तरी ‘काही झालेलं नाही’ असं म्हणू नका. असल्या दुखापतीत तो बहुधा स्वच्छच येतो.

डोकेदुखीसाठी ‘किती गोळ्या घेता?’ ऐवजी ‘एक पाकीट किती दिवस पुरतं?’ असं विचारा, आकडा खरा मिळतो. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या गोळ्या) किंवा ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं) १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं असेल, तर गोळीच डोकं दुखवत असण्याचा दाट संशय घ्या. बंद करताना आधी त्रास वाढेल हे अगोदरच सांगा, नाहीतर तो पुन्हा यायचा नाही.

रात्रीची हकीकत जोडीदाराकडून घ्या. लढाईची स्वप्नं पडून दचकून उठणं वेगळं, आणि साठीनंतर झोपेतच गुद्दे मारणं वेगळं. दुसऱ्यात बद्धकोष्ठ आणि वास कमी येणं याची चौकशी करा, चालताना हात हलतात का ते पाहा. आरईएम झोपेचा, म्हणजे स्वप्नांच्या झोपेचा, हा विकार पार्किन्सनच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतो. फाइलीवर ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा मानसिक ताणविकार) असा शिक्का असला की हे कुणी बघतच नाही, आणि माझं सगळ्यात मोठं भांडण त्या शिक्क्याशी आहे. हाताचे स्नायू बारीक झाले, ते आपोआप फडफडू लागले, तरी ‘टेन्शन’ म्हणून परत पाठवलेले लोक येतात. त्यांना जीभ बाहेर काढायला न लावता, तोंडातच सैल ठेवून ती फडफडते का ते पाहा. एएलएसचं, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराचं, प्रमाण माजी सैनिकांत काहीसं जास्त आढळलं आहे. अमेरिकेत २००८ पासून तो आजार सेवेशी निगडित असं गृहीत धरूनच लाभ देतात.

आकडीच्या बाबतीत चूक माझीच सांगते. एकाला लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध सुरू केलं. तीन आठवड्यांनी त्याची बायको एकटीच आली. ‘फिट थांबल्या डॉक्टर, पण आता पोरं त्यांच्यासमोर येत नाहीत.’ या औषधाने चिडचिड वाढते हे मला पाठ होतं, पण त्या माणसाच्या रागाबद्दल मी आधी विचारलंच नव्हतं. आता आधी राग विचारते, मग औषध लिहिते. ट्रामाडॉल (वेदनाशामक), ब्युप्रोपिऑन (नैराश्यावरचं औषध) आणि दारू हेही विचारा, त्यांच्यापायीही फिट येऊ शकते. दारू सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत येणारी फिट अपस्मार नसते. झटक्यात डोळे घट्ट मिटलेले असतील, तर फंक्शनल झटक्यांचा विचार करून व्हिडिओ ईईजी (चित्रीकरणासोबत मेंदूतल्या विजेची नोंद) करा. निकाल सांगताना ‘मानसिक आहे’ म्हणून मोकळे होऊ नका. झटके खरे आहेत, मेंदूतली वीज मात्र बिघडलेली नाही, असं सांगा. ढोंगी ठरवल्याचा नुसता वास आला तरी तो उठून जाईल.

पाय गेलेल्याला विचारा : गेलेला पाय आत्ता कसा आहे? वाकलेला, की बोटं आवळलेली? बरेच जण हे घरीही बोललेले नसतात, वेडात काढतील या भीतीने. सिलास वेअर मिचेल या अमेरिकी डॉक्टरांनी अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमींकडून हेच ऐकलं आणि १८७१ मध्ये त्याला ‘फँटम लिंब’, म्हणजे भासमान अवयव, म्हटलं. नंतर उरलेल्या भागावर बोटाने हलके ठोकत जा. एका जागी वीज चमकली, तर तिथे नसेची गाठ असू शकते, आणि तिचा इलाज वेगळा आहे.

स्मृतीची चाचणी घेण्याआधी श्रवणयंत्र चालू आहे का ते बघा. माझ्याकडे एकाला ३० पैकी १९ गुण पडले होते. बॅटरी बदलल्यावर २६.

घरात शस्त्र आहे का, जीव नकोसा होतो का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही.

राहिले दाखले. पेन्शनच्या कागदावर जे पाहिलं तेच लिहा, त्याने सांगितलेलं ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार’ म्हणून वेगळं मांडा. तारखा त्याच्यासमोर वाचून दाखवा, कारण एका चुकीच्या वर्षापायी अर्ज मागे येतो. आणि एक प्रत त्याच्याच हातात द्या.