टिकल्या लावलेले तीन ग्लास

२०२३ च्या हिवाळ्यात इथे लुईव्हिलमध्ये एका दुकानाच्या सोडतीत माझं नाव लागलं आणि त्या वर्षीची जॉर्ज टी. स्टॅग ही बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, घरी आली. केंटकीतल्या फ्रँकफर्टच्या बफेलो ट्रेस डिस्टिलरीची ही बाटली २००२ पासून निघते. २०२१ साली तर निघालीच नाही. अशी बाटली मित्रांपुढे उघडली की पहिल्या घोटालाच सगळे ‘वा!’ म्हणतात. ती दाद चवीला की दुर्मीळपणाला, हे म्हणणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून तिचा पहिला घोट लेबल न बघता घ्यायचा.

तुलनेला तिचीच धाकटी बहीण घ्या, रोजची बफेलो ट्रेस. धान्याचं मिश्रण तेच, मका भरपूर आणि राय कमी. फरक वयाचा, पिंपांच्या निवडीचा आणि पाण्याचा. धाकटीचं अल्कोहोल पाणी घालून ४५ टक्क्यांवर आणलेलं असतं. २०२३ ची स्टॅग पाणी न घालता ६७.५ टक्क्यांवर भरलेली. दोन्ही तशाच चाखल्या तर तुम्ही फक्त जळजळ मोजाल. १५ मिलि स्टॅगमध्ये ७.५ मिलि पाणी घातलं की तीही ४५ वर येते. मापाला लहान मुलांना औषध पाजायची बिनसुईची सिरिंज छान चालते. पाणी घातल्यावर किंचित गढूळ दिसली तर बिघडली असं समजू नका. थंड करून गाळलेली नसल्यामुळे तिच्यातले तेलकट अंश तसे दिसतात. दहा मिनिटं राहू द्या.

आता तोंडाशी निमुळते असे तीन ग्लास. दोनांत एक, तिसऱ्यात दुसरी. माझी बायको पीत नाही, म्हणून ओतायचं काम तिच्याकडे. ती ग्लासांच्या तळाला वेगवेगळ्या रंगांच्या टिकल्या लावते आणि कुठे काय ओतलं ते चिठ्ठीवर लिहून ठेवते. स्टॅगचा रंग गडद असतो, त्यामुळे दिवा मंद हवा. वेगळा ग्लास कुठला, एवढंच आधी ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा बरोबर येतंच, म्हणून ग्लास बदलून पुन्हा एकदा करा. दोन्ही वेळा जमलं तरच पुढचं मत लिहा. घोट लहान घ्या, थुंकायला भांडं ठेवा, आणि त्या संध्याकाळी ठेचा-लसूण नको.

वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवा, नाक चुरचुरत नाही. पहिला घोट फक्त जीभ तयार करायला. चव दुसऱ्यापासून धरा. टिपणात परक्या फळांची नावं शोधू नका. मला बर्बनमध्ये काकवी, सुकं खोबरं, पुरणातलं जायफळ सापडतं. खोबऱ्याचा वास ओकच्या लाकडाचाच असतो.

खरा निवाडा लाकडावर होतो. कायद्याने बर्बनला आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप लागतं, आणि केंटकीच्या उन्हाळ्यात पंधरा-एक वर्षं काढली की ते लाकूड धान्याला गिळू शकतं. तेव्हा शेवटी हिरडा चघळल्यासारखं तोंड आवळतं. थोडा तुरटपणा मला आवडतो, पण त्याच्याखाली भाजलेल्या कणसाचा गोडवा शिल्लक आहे का, हे मी शोधतो. नसेल, तर वय कितीही असो, माझ्या लेखी ती बाटली फसली. मत वहीत उतरवून झालं की मग बिनपाण्याची चाखा, चिठ्ठी उघडा, किंमत आठवा.

त्या रात्री मी दोन्ही वेळा बरोबर ओळखलं. पहिल्या फेरीत वेगळा ग्लास लाल टिकलीचा होता, आणि त्यात स्टॅगच होती. काळी काकवी, जायफळ, शेवटी हिरडा, आणि कणीस शाबूत. वहीत लिहिलं: ‘सोडतीच्या भावाला जरूर घ्यावी. बाहेर कित्येक पट मागतात, तेवढे देऊ नयेत.’ ग्लास मुद्दाम धुतले नाहीत. सकाळी बायकोने लाल टिकलीचा रिकामा ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाली, ‘अरे, याला गुळाच्या ढेपेचा वास येतोय.’ तेही मी तिच्या नावाने वहीत लिहिलं.