बिल्डिंगमागच्या सावलीच्या पट्टीत बुटकी झाडं कशी निवडायची

ग्राउंड फ्लोअरला राहणाऱ्या बऱ्याच जणांकडे अशी एक पट्टी असते, बिल्डिंगची भिंत आणि कंपाउंड वॉलच्या मधली, वरून पाइप आलेले, मधेच ड्रेनेजचं चेंबर आणि ऊन जवळपास नाहीच. आमची पुण्यातली पट्टी १५ फूट लांब, अडीच फूट रुंद, इमारतीच्या उत्तरेला. आधी तिथे लॉन लावला होता, दोन महिन्यांत पिवळा पडून विरळ झाला, कारण लॉनला रोज चार-पाच तास तरी ऊन लागतंच. अशा जागेत झाडं अगदी छान वाढतात, फक्त नर्सरीत जायच्या आधी जागा नीट बघायला लागते.

सगळ्यात आधी सावली बघा, आणि ती मे महिन्यातली बघा. हे मी कळकळीने सांगतेय कारण दिवाळीनंतर झाडं आणली की उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत दिसते, सूर्य तेव्हा दक्षिणेकडे झुकलेला असतो, आपण खुशाल कॅलाथिया हे सावलीतलं झाड लावतो आणि मेमध्ये त्याची पानं कडेने करपून कागदासारखी होतात. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, पेपरात शून्य सावलीचा दिवस म्हणून बातमी येते ना, तोच. त्या दिवसांत सकाळी आणि दुपारनंतर ऊन उत्तरेकडून तिरकं आत शिरतं, म्हणजे वर्षातलं सगळ्यात कडक ऊन नेमकं सावलीतल्या झाडांवर. तेव्हा मेमधल्या एखाद्या रविवारी ८ वाजता, १२ वाजता आणि ४ वाजता जाऊन ऊन कुठपर्यंत येतंय तिथे खडूने रेघ मारा. मे लांब असेल तर कंपाउंड वॉलच्या पलीकडे बघा, तिकडे झाड किंवा बिल्डिंग नसेल तर ऊन येणार असंच धरून चाला.

मग पाणी. छज्ज्याखालची माती भर पावसातही कोरडी राहते आणि छज्ज्याची धार जिथे पडते तिथे मात्र चिखल, एवढ्याशा जागेत हे दोन वेगळे भाग असतात आणि दोन्हीकडे एकच झाड चालत नाही. एक फूटभर खड्डा खणून पाणी भरा, दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल तर खाली बिल्डरचा राडारोडा आहे, तो निदान आठ-नऊ इंच काढून माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरावं लागेल. भिंतीला लागून माती चढवू नका, घरात ओल येते, सहा इंच जागा सोडा.

उंचीचं म्हणाल तर दीड फुटाच्या वर जाऊच देऊ नका. खिडकीची हवा अडते, प्लंबरला पाइपपर्यंत पोचता येत नाही आणि दाट झुडपात डास बसतात. चालायला शहाबादी फरशीचे तुकडे टाका, चेंबरच्या झाकणावर फक्त हलक्या कुंड्या.

आता झाडं. छज्ज्याखालच्या कोरड्या सावलीला स्पायडर प्लांट, त्याच्या मुळ्या पांढऱ्या, मांसल असतात आणि पाणी धरून ठेवतात म्हणून एखाद-दोन दिवस पाणी चुकलं तरी तग धरतो. ओलसर भागात नेचे, पीस लिली, सिंगोनियम. पीस लिली मला फार आवडते, तहान लागली की अख्खं झाड मान टाकतं आणि पाणी दिलं की थोड्या वेळात परत उभं राहतं, त्यामुळे नवख्या माणसालाही पाणी कधी द्यायचं ते कळतं. खडूच्या रेघेच्या आत, म्हणजे मेमध्ये ऊन येतं तिथे ऱ्हिओ लावा, वरून हिरवी आणि खालून जांभळी पानं असतात त्याची, ऊन-सावली दोन्ही सोसतो. फरशांच्या फटीत मोंडो ग्रास, हे दिसायला गवत पण खरं गवत नाही, कापायला लागत नाही, मात्र पसरायला वर्ष-दीड वर्ष घेतं म्हणून चार-चार इंचांवरच लावा. सिंगोनियमला फूटभर अंतर द्या आणि शेंडे खुडत राहा, नाहीतर ते वेलासारखं भिंतीवर चढतं.

वेडेलिया, म्हणजे ते पिवळ्या फुलांचं जमिनीवर पसरणारं झाड, कोणी फुकट दिला तरी जमिनीत लावू नका, सगळी पट्टी गिळून टाकतो. आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर पीस लिली, सिंगोनियम, मनी प्लांट, डिफेनबेकिया टाळाच, पानं चावली तर तोंडाची भयंकर आग होते.

लावायचं जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. सगळं विकत आणायची गरज नाही, जांभळ्या पट्ट्यांच्या वांडरिंग ज्यूची बोटभर फांदी पेराशी मोडून ओल्या मातीत दाबली की आठवड्याभरात मूळ धरते, शेजाऱ्यांकडून दहा-बारा फांद्या आणल्या तर मधल्या मोकळ्या जागा भरून निघतात.

पावसाळ्यात गोगलगायी येतात, कोवळी पानं एका रात्रीत खातात. रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, झाडांवर मात्र मीठ टाकू नका, माती खराब होते. कुंड्यांखालच्या बशा तर पावसाळाभर काढूनच ठेवा, त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.