गोळी बरोबर, वेळ चूक: जीवनसत्त्वं आणि खनिजं घेताना या चुका टाळा

कोथरूडमध्ये औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यात माझी बरीच वर्षं गेली. परवा नेहमीच्या एक काकू तणतणत आल्या. थायरॉइडची गोळी डॉक्टरांनी वाढवून दिली होती, लोहाची तीन महिने चालू होती, तरी टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येईना आणि हिमोग्लोबिन 9 वरून हलेना. "कंपनी बदलून दे बाबा, ही गोळी लागू पडत नाही."

"काकू, घेता कशा?"

पर्समधून सात खणांची डबी निघाली. प्रत्येक खणात थायरॉइड, लोह आणि कॅल्शियम शेजारी शेजारी. "सकाळी उठले की आल्याच्या चहाबरोबर तिन्ही घेऊन टाकते. दिवसभर मागे कटकट नको."

कंपनी बिचारी निर्दोष होती. लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉइडच्या औषधाला चिकटतात आणि ते रक्तात पुरतं उतरू देत नाहीत. कॅल्शियम लोहालाही आडवं येतं. उरलंसुरलं लोह चहातलं टॅनिन धरून ठेवतं. म्हणजे तीन गोळ्यांचे पैसे मोजून अंगी लागतं थोडंच.

मी त्यांना कागदावर लिहून दिलं. थायरॉइडची गोळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर किमान अर्ध्या तासाने. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. लोह अकराच्या सुमारास लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, कारण क जीवनसत्त्वाने ते चांगलं शोषलं जातं. पुढे तासभर चहा नाही (इथे काकूंचा चेहरा पडला). कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. मात्रा किती ते डॉक्टरच ठरवणार, मी फक्त घड्याळ लावून दिलं. आणि लोह चालू असताना शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी सोडू नका. डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधी असेल तर मात्र लगेच दाखवा.

हेच ताटालाही लागू. जेवून हात वाळायच्या आत चहाला अमृततुल्य गाठलं, की पालेभाजीतलं लोह बरंचसं वाया. उलट पोह्यांवरचं लिंबू, जेवणातला आवळा हे उगाच आलेले नाहीत. मोड आणल्याने कडधान्यातलं लोह शरीराला घ्यायला सोपं जातं, लोखंडी कढईतून थोडं लोह भाजीत उतरतं. पालक मात्र कॅल्शियमसाठी खाऊ नका. त्यातलं ऑक्झॅलेट ते अडवून ठेवतं. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, भाकरी टाका.

आता ड जीवनसत्त्व. इथला गोंधळ धोक्याचा आहे. 60,000 युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक अशी दिलेली असते, ठरावीक आठवडे. "बरं वाटतंय" म्हणून वर्षभर ओढणारे लोक मी पाहिलेत, आणि एका गृहस्थांनी तर चार पुड्या चार दिवसांत संपवल्या होत्या. ब आणि क गटातलं जास्तीचं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. बी-कॉम्प्लेक्सने लघवी पिवळीधमक होते ती त्यामुळेच. ड तसं नाही, ते चरबीत साठतं. अती झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, पुढे मूतखडा आणि मूत्रपिंडाला त्रास. शिवाय ते स्निग्धात विरघळतं, म्हणून उपाशीपोटी नको, जेवणानंतर किंवा दुधाबरोबर घ्या.

"पण मी रोज तळजाई टेकडीवर फिरायला जातो की!" हे ठरलेलं उत्तर. कधी जाता? साडेसहाला. फिरणं उत्तम, पण तिरप्या कोवळ्या उन्हात ड तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते त्या वेळचं ऊन हवं, आणि ते हातापायांच्या उघड्या कातडीवर हवं. बाल्कनीच्या बंद काचेतून ते किरण येत नाहीत. दुचाकीवर सनकोट, हातमोजे आणि डोळे सोडून सगळं झाकणारा स्कार्फ अशा थाटात दुपारी शहरभर फिरलात तरी खात्यावर फारसं काही जमा होत नाही.

बी12 वाढवायला बीट आणि पालक खाऊन उपयोग नाही, वनस्पतींत ते मिळतच नाही म्हणा. शाकाहाऱ्यांना दूध, दही, पनीर, नाहीतर गोळी किंवा इंजेक्शन. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तपासून घ्या. तळपायांना मुंग्या येतात तेव्हा दरवेळी वयच कारण असतं असं नाही.

मिठाचंही एक. आरोग्याच्या नावाखाली घरातलं सगळं मीठ सैंधव करू नका. त्यात आयोडीन नगण्य असतं. उपासापुरतं ठेवा.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्ततपासणीआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असलेल्या आजोबांना एकदम रोज पालेभाज्यांचा रस सुरू करू नका. त्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या उलट काम करतं. पालेभाजी बंद करायची नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं.