मे महिन्यात एक दिवस मेन स्विच बंद करून बघा

मी दापोली तालुक्यात राहते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्याकडे, मंडणगडला, श्रीवर्धनला जे काही झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना परत सांगायला नको. आमच्या वाडीत २३ दिवस लाईट नव्हती. पण मला त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीच्या काठावर कळशी घेऊन उभी होते, खाली पाणी दिसत होतं आणि ते वर काढायला घरात दोर नव्हता. पंप बसवला तेव्हा रहाट काढून टाकला होता, पोहरा कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. शेवटी सासूबाईंनी गुरांची दावी एकाला एक बांधून दिली आणि त्यावर आम्ही पहिले दोन दिवस काढले.

म्हणून तयारी कशी करायची असं कुणी विचारलं की मी सामानाची यादी देत नाही. मी सांगते, मे महिन्यात एक रविवार धरा, सकाळी उठल्या उठल्या मेन स्विच बंद करा, मोबाईल बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसंच घर चालवा. काय काय अडतं ते कागदावर लिहित जा. तीच तुमची यादी, कारण प्रत्येकाचं घर वेगळं असतं, आमचं विहिरीवर अडलं, तुमचं कदाचित चौथ्या मजल्यावर पाणी चढवण्यावर अडेल नाहीतर आजोबांच्या इन्सुलिनवर.

पाणी सगळ्यात आधी

लोक पहिल्यांदा खाण्याचं बघतात पण खरं अडतं ते पाण्यावर. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोजचं ४ लिटर धरा, म्हणजे पाच माणसांना आठवड्याचं १४० लिटर होतं, म्हणजे झाकणाची तीन पिंपं. आंघोळ, भांडी, संडास हे वेगळं, आणि त्यासाठी पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावलं तरी भागतं, फक्त पहिल्या एक दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं कारण त्यात कौलावरची सगळी घाण असते.

विहीर असेल तर कप्पी आणि दोर असलाच पाहिजे, पंप असला तरी. दोर काथ्याचा नाहीतर सुती घ्या, बारीक नायलॉनचा हाताला कापतो, वीस पंचवीस कळश्या काढल्या की तळवे सोलवटतात. लांबी मे महिन्यातच मोजायची कारण तेव्हा पाणी सगळ्यात खाली असतं. आमची विहीर ३० फूट खोल आहे म्हणून आम्ही ४० फुटी दोर ठेवलाय, स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला, माळ्यावर नाही. माळ्यावर ठेवलेली वस्तू वादळाच्या दिवशी सापडत नाही हे पक्कं ध्यानात ठेवा.

वादळानंतर विहिरीत पाला, माती, मेलेलं काहीबाही पडतं. २२ जुलै २०२१ला चिपळूणला पूर आला तेव्हा तर वाशिष्ठीचं पाणी थेट घराघरात शिरलं, अशा पुराच्या पाण्याने भरलेली विहीर उपसून साफ केल्याशिवाय वापरू नये. साधा पालापाचोळा असेल तर काढून टाका आणि टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका. हिशोब सोपा आहे, हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीची रुंदी ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८ हजार लिटर पाणी झालं, त्याला ७० ग्रॅम पावडर. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, ते गावातल्या आरोग्यसेवकाला विचारून घ्या. पावडर थेट विहिरीत ओतायची नाही. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली पाऊण भरायची, दहा मिनिटं निवळू द्यायची, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं आणि खाली बसलेला चुना टाकून द्यायचा. मग ती बादली दोराने पाण्याखाली सोडून चांगली हलवायची. त्यानंतर निदान एक तास पाणी काढायचं नाही, म्हणून आम्ही हे रात्री करतो म्हणजे सकाळी पाणी तयार. पावडर दमट झाली की तिचा जोर जातो, त्यामुळे घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा आणि दरवर्षी नवी आणा. घरात प्यायच्या पाण्याला क्लोरीनचे थेंब मिळतात ते बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात टाका, नाहीतर खळखळून उकळून घ्या. आरओचा फिल्टर लाईट नसताना नुसता डबा आहे, त्यामुळे एक साधा कँडलवाला स्टीलचा फिल्टर घरात असू द्या.

अगोट

आमच्याकडे पावसाळ्याआधी भरून ठेवतात त्याला अगोट म्हणतात आणि मला वाटतं याच्यापेक्षा चांगली पद्धत कुणी शोधली नाहीये. तांदूळ, कुळीथ, पोहे, गूळ, जाडं मीठ, कोकमाची सोलं, चिंचेचा गोळा, मसाला, कांद्याच्या माळा, लोणचं, पापड, सांडगी मिरची, फणसाच्या आठळ्या मातीत घालून, आणि खाणाऱ्यांच्या घरी सुकट, बोंबील, सोडे. यातल्या एकाही गोष्टीला फ्रीज लागत नाही. निसर्गच्या वेळी ज्यांनी फ्रीजरमध्ये मासळी भरली होती त्यांची तिसऱ्या दिवशी खड्ड्यात पुरावी लागली, आणि सासूबाईंच्या बरणीतले सोडे जुलैपर्यंत पुरले.

त्यातल्या त्यात कुळथाची पिठी दोन किलो तरी करून ठेवाच. कढईत लसणाची फोडणी, पाणी, दोन सोलं, पिठी भुरभुरवायची, दहा मिनिटांत पिठलं तयार, इंधन कमी लागतं आणि पोरं म्हातारी सगळी खातात. भाताचं पण सांगते, तांदूळ अर्धा तास भिजवून घ्या, जाड पातेल्यात पाच सात मिनिटं चांगली उकळी येऊ द्या, झाकण लावून पातेलं जाड गोधडीत गुंडाळून ठेवा, पाऊण तासात भात होतो. गॅस निम्म्याने वाचतो. भात गरम असतानाच खाऊन टाका.

गॅसचं दुसरं सिलेंडर भरलेलं हवंच पण चुलीची सोय मोडू नका. नारळाची सुकी सोडणं, करवंट्या, थोडं सरपण पडवीत ताडपत्रीखाली रचून ठेवलं की झालं. तांदळात कडुनिंबाचा सुकवलेला पाला, तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात आणि सगळ्या धान्याला मे मध्ये दोन कडक उन्हं, एवढ्यावर पोरकिडे लागत नाहीत.

आणि एक महत्त्वाचं. पूर्वी मृगापर्यंत अगोट भरली की चालायचं. निसर्ग आलं ३ जूनला म्हणजे मृगाच्या आधी, दुसऱ्या वर्षी तौक्ते तर मेच्या मध्यावरच कोकणाजवळून गेलं, बऱ्याच घरांत तेव्हा पापड अजून खळ्यात वाळत होते. त्यामुळे आता १० मेच्या आत भरून मोकळं व्हायचं, आम्ही तरी तसंच ठरवलंय.

बाकीचं

रोख पैसे, तेही सुटे. टॉवर पडले की मोबाईलवरून पैसे जात नाहीत आणि दुकानदाराकडे पाचशेची मोड नसते. दहा, वीस, पन्नासच्या नोटांचे दोन तीन हजार डब्यात ठेवा. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, १०८ रुग्णवाहिका, तातडीच्या मदतीचा ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हे तीन तर वरतीच. सेलवर चालणारा छोटा रेडिओ घ्या, आम्हाला त्या दिवसांत बाहेरचं जे कळलं ते आकाशवाणीवरूनच. रेशनकार्ड, सातबारा, आधार, विम्याचे कागद प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून डब्यात.

बीपी शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या जास्तीच्या ठेवा. इन्सुलिनची वापरात असलेली बाटली बहुतेक वेळा काही आठवडे फ्रीजबाहेर चालते पण किती दिवस आणि किती गरमीत ते त्याच्या पत्रकात लिहिलेलं असतं, आधीच वाचून ठेवा. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं आणि मडक्यात पिशवीत बांधलेली बाटली, असं सावलीत ठेवलं तर बरंच गार राहतं.

पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात, चिखलात जाऊच नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप तिथूनच होतो. गमबूट घ्या, आणि ताप आला तर अंगावर काढू नका. पडलेला पाला, कौलं, लाकडं उचलताना आधी काठीने हलवायचं, आमच्याकडे फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असल्याच ठिकाणी बसलेलं असतं. चावलंच तर कापाकापी नको, घट्ट बांधणं नको, हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

वादळ चालू असताना मेन स्विच आणि गॅस दोन्ही बंद, आणि वारा एकदम पडला तर बाहेर येऊ नका. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, वरून जात असेल तर थोड्या वेळाने उलट्या दिशेने परत तितकाच वारा सुटतो. नंतरही रस्त्यात पडलेल्या तारेला लाईट नाही असं समजून हात लावायचा नाही.

शेवटचं ज्यांची मुलं मुंबई पुण्याला आहेत त्यांच्यासाठी. आमच्या शेजारच्या काकी एकट्याच असतात, त्यांच्या मुलाला पाच दिवस काही कळलं नव्हतं, पोरगा तिकडे वेडापिसा झाला होता. तेव्हापासून वाडीत आम्ही घरं वाटून घेतलीत, वादळ गेलं की कुणी कुणाच्या दारात जायचं ते ठरलेलं आहे. आणि रेंज शोधायला जो पहिल्यांदा खेडला नाहीतर महाडला जाईल तो सगळ्यांचे नंबर आणि एकेक ओळीचा निरोप लिहिलेला कागद घेऊन जातो. काकींचा निरोप चार शब्दांचा असतो, "बरी आहे, कौलं गेली", पण गेल्या पावसाळ्यात त्यांनी तो मे मध्येच लिहून माझ्याकडे देऊन ठेवला होता, कौलांची जागा मोकळी सोडून.